प्रोजेक्टरचा उजेड आणि एचडीआर घरीच कसा ताडून पाहावा

माझ्या पहिल्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘९००० ल्युमेन्स’ (ल्युमेन्स म्हणजे एकूण उजेडाचं माप) छापलं होतं. घरी आणून मोजला, तर साडेतीनशेसुद्धा भरेनात. असा आकडा बहुतेक वेळा आतल्या दिव्याचा असतो, स्क्रीनवर पोचणाऱ्या उजेडाचा नव्हे. ‘अ‍ॅन्सी’ किंवा ‘आयएसओ’ ल्युमेन्स (ठरलेल्या मानक पद्धतीने मोजलेले) लिहिले असतील तरच आकड्याकडे बघा, आणि मग स्वतः मोजा. दोन प्रोजेक्टरांतून एक निवडायचा असेल, तर ते असे ताडून पाहा.

१. दोन्ही प्रोजेक्टर एकाच स्क्रीनवर, एकाच आकाराचं चित्र पाडतील असे मांडा. खिडक्यांचे पडदे ओढा, दिवे बंद. चित्र तिरकं आलं तर कीस्टोनला (तिरकं चित्र यंत्राकरवी सरळ करणाऱ्या सोयीला) हात न लावता प्रोजेक्टरच हलवा. वीसेक मिनिटं तापू द्या. ऑटो आयरिस (दृश्यागणिक उजेड आपोआप कमी-जास्त करणारी झडप) असेल तर बंद.

२. दोघांना ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणा. दुकानात दाखवतात तो ‘डायनॅमिक’ मोड सर्वांत उजळ असतो खरा, पण त्यात नायकाचा पांढरा सदरा शेवाळ धरल्यासारखा हिरवट दिसतो. त्या मोडचे ल्युमेन्स आपल्या काय कामाचे?

३. आता लक्स मीटर, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड मोजणारं यंत्र. साधा चालतो. पूर्ण पांढरं चित्र लावा, स्क्रीनचे मनातल्या मनात तीन बाय तीन असे नऊ चौकोन करा आणि प्रत्येकाच्या मध्यावर, सेन्सर प्रोजेक्टरकडे वळवून, आकडा टिपा. आपली सावली पडू देऊ नका. नवांची सरासरी गुणिले स्क्रीनचं क्षेत्रफळ म्हणजे ल्युमेन्स. १०० इंची १६:९ स्क्रीन सुमारे २.७६ चौरस मीटर भरते; सरासरी ४०० लक्स आली तर ११०० ल्युमेन्स. त्याच ४०० ला ३.१४ ने भागलं की १ गेनच्या (साध्या पांढऱ्या, मॅट) स्क्रीनवर १२७ निट्स, म्हणजे डोळ्याला दिसणारी चित्राची उजळता. थिएटरचं प्रमाण ४८ निट्स आहे, तेव्हा अंधाऱ्या खोलीत हे भरपूर झालं. दिवसा क्रिकेट बघायचं असेल तर गोष्ट वेगळी.

इथेच आणखी दोन मिनिटं घालवा. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग एकामागून एक लावून मधल्या चौकोनात मोजा. तिघांची बेरीज पांढऱ्याच्या जवळपास यायला हवी. थ्रीएलसीडी प्रोजेक्टरमध्ये (तिन्ही रंगांना वेगवेगळं पॅनेल असलेल्या) ती येते. कलर व्हीलमध्ये (रंग बदलत फिरणाऱ्या चाकात) पांढरा भाग असलेल्या डीएलपीत (बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्या प्रोजेक्टरमध्ये) बेरीज बरीच कमी भरते. पांढरं लख्ख आणि कुंकवाचा लाल मात्र विटकरी दिसतो, तो यामुळे.

४. एचडीआरला (अतिउजळ आणि गडद भागांतला जास्त तपशील राखणाऱ्या चित्राला) मीटर पुरत नाही, डोळे लागतात. एचडीआर१० च्या सिग्नलमध्ये १०,००० निट्सपर्यंत जागा असते, चित्रपट सहसा १००० किंवा ४००० वर बेतलेले असतात, आणि आपल्या हाती शंभरेक. तेवढ्यात सगळं कोंबायचं काम टोन मॅपिंगचं. स्वस्त यंत्रावरच्या ‘एचडीआर सपोर्ट’चा अर्थ बहुधा इतकाच, की सिग्नल नाकारला जात नाही.

दोनच दृश्यं लावा. एक, उन्हातले ढग: त्यांच्या घड्या दिसतात की नुसता चुन्याचा फराटा? दुसरं, मेणबत्तीच्या उजेडातला चेहरा: केस मागच्या काळोखापासून सुटे दिसतात का? ढग वाचवायच्या नादात बरीच यंत्रं चेहरा बुडवतात. जेव्हीसीच्या वरच्या मॉडेलांतलं ‘फ्रेम अ‍ॅडॅप्ट’ फ्रेमगणिक हा हिशेब करतं. एप्सनच्या काही मॉडेलांत स्लायडर सरकवून आपण करायचा. मग प्लेअरमधून एचडीआर बंद करून तीच दृश्यं पुन्हा बघा. साधं चित्रच बरं वाटलं, तर त्या यंत्राचं एचडीआर खोक्यापुरतंच.

५. शेवटी पूर्ण काळी फ्रेम. काळं राखाडी दिसतंय का? माझं मत विचाराल तर २००० आणि २५०० ल्युमेन्समधला फरक डोळ्याला जेमतेम कळतो, काळ्यातला फरक मात्र पूर्ण सिनेमाभर खुपतो. पांढऱ्या भिंतींच्या हॉलमध्ये उजेड परतून स्क्रीनवर येतो, तेव्हा ही तुलना शक्यतो जिथे प्रोजेक्टर राहणार त्याच खोलीत करा. फोनने फोटो काढून ताडू नका. कॅमेरा एक्स्पोजर आपल्या मनाने बदलतो.

आणि एक यंत्र वापरलेलं असेल तर आधी मेनूत दिव्याचे तास बघा. लॅम्पचं आयुष्य म्हणून जे तास सांगतात, ते सहसा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे असतात.