मृगाच्या आधी वस्तीवरचा छोटा सोलर सेट लावून घ्या, पण हिशोब आषाढाचा धरा

शेतकरी मंडळींनो, रोहिण्या चालू आहेत, पेरणीची, बियाण्याची, बांधबंदिस्तीची गडबड सगळ्यांचीच आहे, तरी त्यातनं एक दिवस काढा आणि हे काम उरकून घ्या. वळवाचा एक जोरदार तडाखा बसला की झाड तारेवर पडतं, पोल वाकतो, नाहीतर डीपी (ट्रान्सफॉर्मर) जातो. गावठाणातली लाईट दोन दिवसांत येते पण वस्तीवरची लाईन सगळ्यात शेवटी जोडली जाते हे आपल्याला माहितीये.

आमची वस्ती पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्याच्या पश्चिम अंगाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि तिथून घाट चढून मावळ, मुळशी, खेड, जुन्नरपर्यंत आलं. पॉलीहाऊस फाटली, घरांचे पत्रे उडाले, पोल आडवे झाले. आमच्याकडे आठ दिवस लाईट नव्हती. घरात एक टॉर्च, त्याचे सेल दुसऱ्या रात्री संपले, मोबाईल सगळे बंद, आणि तिसऱ्या रात्री गोठ्यात गाय व्यायला लागली तर काठीच्या टोकाला चिंधी पेटवून उजेड केला. वासरू जगलं, पण गवताशेजारी उघडी आग घेऊन उभं राहिलेलो मी आजही विसरलो नाही. त्यानंतरच मी हा छोटा सेट, म्हणजे सोलर प्लेट, बॅटरी, दोघांच्या मधला चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर आणि डीसी बल्ब, जमवला आणि चार पावसाळे वापरून बघितला, म्हणून ठामपणे सांगतोय.

पहिली गोष्ट, या सेटवर विहिरीची मोटर चालत नाही. तीन एचपीची मोटर म्हणजे सव्वादोन हजार वॅट, आणि चालू होताना ती त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. पाणी उपसायचं असेल तर सौर कृषी पंपाची सरकारी योजना आहे, 'मागेल त्याला सौर कृषी पंप', त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्केच भरावे लागतात, तो विषय वेगळा. छोटा सेट कशासाठी, तर उजेड, मोबाईल, गोठ्यातला रात्रभरचा बल्ब, आणि जमलंच तर फवारणीच्या पंपाची बॅटरी.

आता हिशोब. घरात पाच वॅटचे दोन डीसी बल्ब पाच तास लावले तर ५० युनिट, म्हणजे आपल्या मीटरचं युनिट नाही बरं का, वॅट-तास म्हणतात ते. गोठ्यात तीन वॅटचा बल्ब दहा तास, ३०. तीन मोबाईल रोज एकदा फुल चार्ज, ४५. झाले १२५, आणि वायरीत, चार्जिंगमध्ये काही वाया जातं म्हणून १५० धरा. शंभर वॅटची प्लेट मे महिन्याच्या उन्हात दिवसाला चारशेच्या आसपास देते, त्यामुळे दुकानदार सांगतो की ढीगभर होतंय, घेऊन जा. तो खोटं बोलत नाही, पण तो मे महिन्याचं सांगतो. आषाढात आमच्याकडं घाटमाथ्याला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा तीच प्लेट साठ, ऐंशी, फार तर शंभर देते. म्हणजे ८० धरले तर रोज ७० कमी पडणार आणि ते बॅटरीतनं जाणार. बारा व्होल्ट ३० एएचची लिथियम बॅटरी (दुकानात एलएफपी म्हणून मागा) घेतली तर बारा गुणिले ३० म्हणजे ३६० होतात, त्यातले ३०० सहज वापरता येतात, ३०० भागिले ७०, चार दिवस निघाले. पाचव्या दिवशी गोठ्याचा बल्ब आणि एकच मोबाईल. हा हिशोब कागदावर मांडून मगच खरेदीला जा, आणि पश्चिम पट्ट्यातले असाल तर एकाऐवजी दोन प्लेटा घ्या, बॅटरी मोठी घेण्यापेक्षा पावसाळ्यात प्लेट वाढवलेली जास्त कामाला येते. दौंड, इंदापूर, बारामतीकडं ऊन बरं असतं, तिथं एक पुरते.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी वापरू का असं बरेच जण विचारतात. वापरता येते पण ती स्टार्टर मारायला बनवलेली असते, रोज खोलवर उतरवली तर लवकर बसते. साधी अॅसिडची इन्व्हर्टर बॅटरी असेल तर अर्ध्याच्या खाली उतरवू नका, डिस्टिल्ड वॉटर तपासा, आणि चार्जिंग होताना तिच्यातनं गॅस निघतो तो पेट घेणारा असतो म्हणून झोपायच्या बंद खोलीत किंवा कांद्याच्या बराखीत ठेवू नका. लिथियमला तो त्रास नाही आणि वजन चार-पाच किलोच, उचलून नेता येते. मी तर म्हणेन वस्तीवर उचलता येणारंच सामान पाहिजे, पाणी वाढलं की जनावरं दाव्यातनं सोडून वर पळताना बॅटरी एका हातात मावली पाहिजे.

जोडणीत लोक जिथं चुकतात ते नीट वाचा. चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग प्लेट. काढताना उलटं, आधी प्लेट मग बॅटरी. बॅटरीच्या प्लसला अगदी जवळ फ्यूज पाहिजेच, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, ती नसेल आणि वायर कुठं घासली तर घर पेटतं. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार सेट करावा लागतो, लिथियमला लिथियम. आणि छपरावरची मोठी पाचशे वॅटची जुनी प्लेट स्वस्तात मिळाली म्हणून बारा व्होल्टच्या साध्या कंट्रोलरला लावू नका, तिचं व्होल्टेज पन्नासच्या आसपास असतं, कंट्रोलर जळतो. सौर पंपाच्या प्लेटांना तर अजिबात हात घालू नका, त्या एकामागं एक जोडलेल्या असतात, दोन-तीनशे व्होल्टच्या वर डीसी असतं, चिकटवून ठेवतं माणसाला. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत कंट्रोलर, फ्यूज, डीसी बल्ब, गाडीत लावतात ते बारा व्होल्टचं मोबाईल चार्जर सगळं मिळतं. मोबाईलसाठी बॅटरी आणि चार्जर यांच्यामध्ये इन्व्हर्टर घालू नका, तो नुसता चालू राहूनच बॅटरी खातो.

प्लेटचा स्टँड दक्षिणेला तीस अंश वाकवून देतात, ते थंडीसाठी ठीक. पुण्याच्या भागात साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेलाच असतो, त्यामुळं पावसाळ्यात प्लेट जवळजवळ सपाट ठेवा, पाणी आणि धूळ वाहून जाईल एवढाच उतार द्या. वाऱ्याला नुसत्या तारेनं बांधू नका, नटबोल्ट मारा, किंवा वादळाचा इशारा आला की काढून घरात आडवी ठेवा. वर आंब्याची फांदी आहे का बघा, कोपऱ्यावर सावली पडली तरी प्लेट निम्म्याच्या खाली जाऊ शकते.

विजा चमकायला लागल्या की प्लेटची पिन काढून ठेवायची आणि तिच्यापासून लांब व्हायचं. फोनमध्ये दामिनी अॅप टाका, पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलंय, आपल्या आसपास वीज पडायची शक्यता असली की कळतं. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की त्याच दिवशी सगळे मोबाईल, पॉवर बँक, हेडटॉर्च, फवारणी पंप फुल चार्ज करून घ्यायचे, लाईट असतानाच. वीस हजार एमएएचची पॉवर बँक लिहिलेली असते तेवढी देत नाही, साठ-पासष्ट टक्केच हातात येतं, साधारण तीन मोबाईल होतात. हेडटॉर्च मात्र प्रत्येक माणसाला एक घ्या, रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाताना, बिबट्याच्या भागात तर नक्कीच, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. लाईट गेल्यावर काही तासांत टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, नेट जातं, म्हणून सेलवरचा छोटा रेडिओ ठेवा, आकाशवाणी लागते.

नदीकाठच्यांनो, चासकमान, घोड, खडकवासला धरणांतून विसर्ग वाढवणार असं कळलं की मोटर आधी बाहेर काढायची, पण त्याआधी स्टार्टर बंद, मेन बंद. लाईट गेलेली आहे म्हणून तार मेलेली समजू नका, ती कधीही येते. जुलै २०२४ ला पुण्यात पुलाची वाडीला पावसाच्या पाण्यात शॉक लागून तीन तरुण गेले. ओला पोल, त्याला ताण दिलेली तार, पडलेली तार, कशालाच हात लावायचा नाही, जनावरंही तिकडून वळवा आणि वीज कंपनीच्या १९१२ ला फोन करा. तुमच्या सोलरची प्लेट पाण्यात बुडाली तरी उजेड आहे तोवर ती करंट देत असते, हे ध्यानात ठेवा.

हे नंबर गोठ्याच्या दारामागं खडूनं लिहून ठेवा, फोन बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतील: ११२ पोलीस आणि सगळी मदत, १०८ अॅम्ब्युलन्स, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती कक्ष, १९६२ जनावरांचा दवाखाना. इन्सुलिन लागणारं कुणी घरात असेल तर छोट्या सेटवर फ्रीज चालेल या भरवशावर राहू नका, माठात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून पेन गार ठेवता येतं, डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

आणि सेट आणला की लगेच एक संध्याकाळ घराचा मेन स्विच पाडा, सकाळपर्यंत त्याच्यावरच काढा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा रात्री दोनला गोठ्याचा बल्ब गेला, बघितलं तर क्लिप सैल होती. आईला आणि पोरांनाही जोडणी करून बघायला लावा, वादळाच्या दिवशी तुम्ही बाजारात असाल.