रुग्णाची गोष्ट वर्गात नेताना

वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) शिकवताना रुग्णांचे अनुभव वर्गात कसे आणावेत, असे नव्याने रुजू झालेले सहकारी मला अनेकदा विचारतात. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांचा, म्हणजे एटकॉमचा, रीतसर समावेश झाल्यामुळे हा प्रश्न आता प्रत्येकासमोर येतो.

क्षयरोगाचे उपचार अर्धवट राहिलेल्या एका ऊसतोड कामगार बाईंची हिस्टरी, म्हणजे आजाराची हकिगत, एका विद्यार्थ्याने चार ओळींत सादर केली होती आणि शेवटचा शब्द होता ‘डिफॉल्टर’, म्हणजे उपचार मध्येच सोडणारा रुग्ण. दोषारोप करणारा हा शब्द जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आपल्या व्याख्यांतून काढून टाकला. वॉर्डात मात्र तो अजून कानावर पडतो. मी त्या विद्यार्थ्याला एकच प्रश्न देऊन परत पाठवले: ‘गोळ्या थांबल्या त्या आठवड्यात काय काय घडलं?’

त्याने आणलेले उत्तर दोन पाने भरले. उपचार सहा महिन्यांचे होते आणि पहिल्या दोन महिन्यांतच ताप, खोकला कमी झाला होता. दिवाळीनंतर टोळी कारखान्याकडे निघाली. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची मिळून एकच मजूर-जोडी. त्यामुळे औषधासाठी गावी परतायचे म्हणजे दोघांचाही खाडा. ‘बरं वाटत होतं, अन् खाडा पडला की उचल फिटत नाही,’ असे त्या म्हणाल्या. हे वाचून दाखवल्यावर वर्गातली चर्चा बाईंच्या अज्ञानावरून हलली आणि हंगामापूर्वी ‘तुम्ही कुठे जाणार आहात?’ हे त्यांना कोणी विचारायला हवे होते, यावर आली. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतील नोंदीच्या आधारे उपचार दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येतात, हे सगळ्यांना परीक्षेपुरते पाठ होते. त्या माहितीचा कारखान्याच्या तळावरील कामगारांच्या कोपीशी (झोपडीशी) संबंध मात्र कोणीच जोडला नव्हता.

म्हणून गोष्ट निवडताना ती किती हृदयद्रावक आहे यापेक्षा, तिच्यात कोणाचा कोणता निर्णय तपासता येतो, हे पाहावे. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि त्यांचे वैद्यकीय भाषांतर वेगळ्या पानावर करावे. एका तासाला एकच गोष्ट पुरते.

संमतीबाबत माझ्याकडून सुरुवातीला मोठी चूक झाली. नाव काढले की ओळख पुसली जाते असे मी समजत होते. पण व्यवसाय, मुलांची संख्या आणि अपघाताचे ठिकाण एवढ्यावरून त्याच तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने दुसऱ्या एका, अपघात झालेल्या रुग्णाला ओळखले. तेव्हापासून असे तपशील मी बदलते किंवा वगळते. संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरने मागू नये, कारण त्याला नकार देणे रुग्णाला फार जड जाते. रुग्ण स्वतः वर्गात येणार असेल, तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्याची तरतूद आधीच करावी आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची नाहीत, हे त्यालाच ठरवू द्यावे.

लिहिलेला मजकूर वर्गात नेण्यापूर्वी मी रुग्णाला वाचून दाखवते. त्या ऊसतोड कामगार बाईंनी आमच्या मजकुरात एकच दुरुस्ती सुचवली. ‘दोन महिन्यांनी औषधे सोडली’ या वाक्यावर त्यांनी थांबवले आणि म्हणाल्या, ‘सोडल्या नाहीत, संपल्या.’ आता वर्गात चर्चेची सुरुवात मी याच वाक्यापासून करते.