हिंजवडीची भरती थांबली तेव्हा भोसरीत सापडलेलं काम

पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर माझ्याकडे आहे, त्यावर सप्टेंबर २०२२ ची तारीख आहे. वर्षाला ३ लाख ६० हजार. बार्शीत आमच्या गल्लीत आईने घरोघरी पेढे दिले होते. जून २०२३ मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी हातात आली आणि मग कंपनीकडून दीड-दोन महिन्यांनी तोच मेल येत राहिला: जॉइनिंगची तारीख लवकरच कळवू. मी कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहत होते. मेसचे आणि कॉटचे पैसे घरूनच येत होते. मैत्रिणींच्या ग्रुपवर ‘तुझं काय झालं?’ हा प्रश्न आला की फोन पालथा ठेवायचे.

आता नंतरच्या बॅचची मुलंमुली मला विचारतात, ‘ताई, कोणता कोर्स करू?’ त्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुम्हाला बोलावणं येत नाही याचा अर्थ तुम्ही कमी पडलात असा होत नाही. २०२१-२२ मध्ये आयटी कंपन्यांनी भरमसाट भरती केली होती. मार्च २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर चढायला लागले. शून्याच्या आसपास असलेला दर जुलै २०२३ मध्ये सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला आणि तिकडच्या ग्राहकांनी नव्या प्रोजेक्टवरचा हात आखडता घेतला. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएसची माणसं १३,२४९ ने कमी झाली, इन्फोसिसची २५,९९४ ने. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आणखी सुमारे १२ हजार लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. इतक्या मोठ्या घसरणीत एका फ्रेशरचा रेझ्युमे कुठे अडकला, याचा शोध घेत रात्र रात्र जागण्यात अर्थ नाही. मी जागले आहे, म्हणून सांगते.

माझं पहिलं काम भोसरी एमआयडीसीत मिळालं, तेही अगदी अवचित. माझ्या रूममेटच्या मामांचं तिथे मशीन शॉप आहे. सहा सीएनसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापणारी), चाकणच्या एका कंपनीला बुश, म्हणजे यंत्रात बसणारे नळीसारखे छोटे भाग, पुरवतात. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या धंद्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. म्हणजे बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवायचं, तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन (त्या बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड येतो, तो बिलावर छापायचा. तो नसेल तर चाकणला गेटवर माल आत घेत नव्हते.

त्याच आठवड्यात एके दिवशी दुपारी मामांचा फोन आला, ‘ती तुझी कॉम्प्युटरवाली मैत्रीण आहे का? घेऊन ये.’ आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते. टेम्पो भरून उभा होता, ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला होता. आत अकाउंटचे काका तिसऱ्यांदा समोरच्या कंपनीचा जीएसटी नंबर एकेक अक्षर बोटाने तपासत होते. पोर्टल बिल घेत नव्हतं. मी स्क्रीनवरचा मेसेज वाचला. तो जीएसटी नंबराबद्दल नव्हताच, बिलाच्या नंबराबद्दल होता. काका गेली कित्येक वर्षं बिलाचा नंबर ०४१२, ०४१३ असा लिहीत होते. पोर्टलच्या नियमात बिल नंबराचं पहिलं अक्षर शून्य चालत नाही, तिरकी रेघ किंवा आडवी रेघही चालत नाही, आणि एकूण लांबी १६ अक्षरांच्या पुढे जाता कामा नये. आम्ही ‘ए’ पासून सुरू होणारी नवी सिरीज केली. बिल गेलं. क्यूआर कोड प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा काकांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला. टेम्पो सव्वापाचला सुटला.

मी त्या दिवशी एकही ओळ कोड लिहिला नव्हता. मेसेज नीट वाचला आणि नियमांचं पान उघडून पाहिलं, एवढंच. पण परतीच्या बसमध्ये पहिल्यांदा वाटलं की आपण शिकलो त्याची कुणाला तरी गरज आहे.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. काका एक्सेलमध्ये बिल बनवायचे आणि तेच सगळं पोर्टलवर पुन्हा हाताने भरायचे. दिवसाला पंचवीस-तीस बिलं. मी दोन दिवस त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून नुसती बसले. मग पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: एक्सेलमधून बिलं उचलायची, एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाच्या प्रकाराचा आकडा) आहे का पाहायचं, पिनकोड आणि राज्य जुळतंय का पाहायचं आणि एकगठ्ठा अपलोड करता येईल अशी फाइल तयार करायची. पहिल्या खेपेला पैशांच्या राउंड-ऑफमध्ये घोळ झाला, निम्मी बिलं परत आली. नवव्या दिवशी जमलं. मामांनी ७ हजार रुपये दिले आणि शेजारच्या दोन शॉपवाल्यांना माझं नाव सांगितलं.

मला तुम्हाला सांगायचं आहे ते हेच. मोठ्या कंपन्यांची भरती थांबते तेव्हाही भोसरी, चाकण, चिंचवडच्या शेडमध्ये, पतसंस्थांमध्ये, तालुक्याच्या हॉस्पिटलमध्ये, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटरची कामं अडून पडलेली असतात. त्यांची जाहिरात कुठेही येत नाही. त्या माणसांना ‘डेव्हलपर पाहिजे’ असं म्हणायचं हेच माहीत नसतं. त्यांना फक्त एवढंच माहीत असतं, की टेम्पो उभा आहे.

तिथे जाऊन ‘मी सॉफ्टवेअर बनवून देते’ असं म्हणू नका. ‘हे काम आत्ता तुम्ही कसं करता, ते मला दाखवाल का?’ असं विचारा आणि शेजारी बसा. वहीत लिहून घ्या. कोणता कागद कुणाकडून येतो, कुणाकडे जातो, कुठे दोनदा लिहावा लागतो. आता एआयच्या मदतीने माझ्यासारखा प्रोग्रॅम तासाभरात लिहून होईल. मीही रोज ती मदत घेते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण काकांच्या बिलाचा नंबर शून्याने सुरू होतो, हे त्या टेबलापाशी बसल्याशिवाय कुणालाच कळलं नसतं. आणि लिहून घेतलेल्या कोडची प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता आली पाहिजे. इंटरव्ह्यूत नेमकं तेच विचारतात.

पैशांचं आधी ठरवा. एका ठिकाणी सगळं तोंडी होतं, माझे साडेचार हजार बुडाले आणि मागायला गेले तेव्हा दाखवायला हातात काहीच नव्हतं. तेव्हापासून एका पानावर लिहून देते: काय करणार, किती दिवसांत, किती पैसे, निम्मे आधी. त्यांचे पोर्टलचे पासवर्ड स्वतःकडे ठेवू नका. लॉगिन त्यांनाच करू द्या, शेजारी उभं राहा.

हे सगळं चालू असताना नोकरीचे अर्ज थांबवले नव्हते. रोज सकाळी एक तास, एवढाच. पूर्वी मी दिवसभर अर्जच भरायचे आणि संध्याकाळी डोकं बधिर व्हायचं. ओळखीतून रेफरल मागायलाही लाजू नका, कॉलेजच्या सीनियरना सरळ मेसेज करा. सरकारच्या नॅट्स पोर्टलवर पदवीधरांसाठी वर्षभराच्या अप्रेंटिसशिप असतात. स्टायपेंड बेताचाच असतो, पण खरं काम आणि प्रमाणपत्र मिळतं.

आता फसवणुकीबद्दल, कारण ती याच दिवसांत दारात येते. आमच्या फ्लॅटमधल्या एका मुलीला एका कन्सल्टन्सीने ८० हजारांत दोन वर्षांचा अनुभव ‘लावून देतो’ असं सांगितलं. तिचे वडील दागिने मोडायला निघाले होते. आम्ही तिघींनी बसून तिला समजावलं. अनुभव खरा आहे की नाही, हे कंपन्या पीएफवरून पाहतात. तुमच्या यूएएन, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरावर कोणत्या मालकाने कोणत्या महिन्यात पैसे भरले ते दिसतं. खोटा अनुभव जॉइन झाल्यावरसुद्धा बाहेर येतो आणि लागलेली नोकरी जाते. नोकरीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपची अनामत, काहीही मागितलं की तिथून उठा.

जानेवारी २०२४ मध्ये पिंपरीतल्या एका छोट्या ईआरपी कंपनीत (कारखान्यांचा माल, बिलं, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) इंटरव्ह्यू झाला. त्यांनी विचारलं, ‘अपलोड चालू असताना नेट गेलं तर?’ हे माझ्यासोबत घडलेलं होतं. कोणती बिलं गेली आणि कोणती राहिली ते कळेना, सगळी पुन्हा पाठवली तर पोर्टल ‘डुप्लिकेट’ म्हणून परत पाठवायचं. मग मी प्रत्येक बिलाची नोंद ठेवायला लागले: पाठवलं, उत्तर आलं, आयआरएन मिळाला. चुकीचं बिल पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येतं, म्हणून ती नोंद रोज संध्याकाळी तपासायचे. पुढची वीस मिनिटं आम्ही फक्त यावरच बोललो. रेझ्युमेवरचे कॉलेजचे प्रोजेक्ट कुणी विचारलेच नाहीत.

महिना १९ हजार. ऑफर लेटरपेक्षा कमीच. घरी सांगताना आवाज कापत होता. पप्पांची बार्शीला आडत आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘आडतीवर नवा पोरगा आला की त्यालाही आधी पट्ट्या लिहायलाच बसवतात. भाव कळायचा तर तिथंच कळतो.’ मोठ्या कंपनीचा मेल त्याच वर्षी उन्हाळ्यात आला, जॉइनिंगआधी पुन्हा एक परीक्षा द्यावी लागेल म्हणून. मी दिली नाही. दीड वर्षाने पगार दुप्पट झाला आणि आज मी ज्या टीममध्ये आहे तिथे कारखान्यांची डिस्पॅच सिस्टिम आम्हीच सांभाळतो.

सुरुवात करायची असेल तर एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), एक्सेल आणि एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा पक्की करा. ओळखीतल्या कुणाचं शॉप आहे का ते घरी विचारा, मामा-काका-शेजारी, कुणीही. जाण्याची वेळ मात्र पाहून जा. महिनाअखेरीला डिस्पॅचची धावपळ असते, ११ आणि २० तारखेच्या आधी अकाउंटवाले जीएसटी रिटर्नमध्ये बुडालेले असतात. १२ ते १७ च्या दरम्यान, दुपारच्या जेवणानंतर जा. आणि भोसरीत गुरुवारी जाऊ नका, त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी असते.