वॉकीटॉकीवर आवाज तुटत होता, कारण निघालं भलतंच (माझा अनुभव)

नागपूरकडच्या बुटीबोरीजवळच्या मैदानात गाड्यांच्या पाच टीम. गाड्या सुटल्या की आमच्या ड्रायव्हरला ‘टायर बघ’ऐवजी ‘टा... घ’ ऐकू यायचं. बॅटरी, हेडसेट, सीटीसीएसएस टोन (आवाजासोबत जाणारा बारीक सूर; तो जुळला तरच आपला सेट आवाज ऐकवतो), सगळं बदललं. दोन रविवार डोक्याचा भुगा झाला. खरं कारण: दोन टीमचा चॅनल एकच होता. टोन फक्त आपला कान झाकतो, हवेतली टक्कर थांबवत नाही.

जमलं ते असं. आधी सगळे सेट बंद. एकाच सेटवर मॉनिटर बटण (टोन न बघता चॅनलवरचं सगळं ऐकवणारं) दाबून ४४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले सोळाही चॅनल मिनिटभर ऐकले. ९ वर कुठलीशी क्रेन बोलत होती, तो सोडला. चॅनलांत अंतर जेमतेम १२.५ किलोहर्ट्झ, म्हणून शेजारचे टाळून १, ४, ७, ११, १४ वाटले. टोन शेवटी. १६ फक्त अपघातासाठी: त्यावर टोन नाही, बिझी लॉकही (चॅनलवर कुणी बोलत असताना आपल्याला बोलू न देणारी सोय) बंद.