गाडीसाठी परवडणारे बफिंग मशीन घेण्याआधीची तयारी

दसऱ्याच्या पूजेआधी गाडी घरीच पॉलिश करावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी गाडी नीट धुऊन सावलीत उभी करावी आणि टॉर्चच्या उजेडात बॉनेट तिरक्या नजरेने पाहावे. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसल्या, तर काम पॉलिशचे आहे. रेषा नसून रंग नुसता निस्तेज असेल, तर वॅक्स पुरेल. आणि नख अडकेल एवढा खोल ओरखडा असेल, तर त्याचा नाद सोडावा. आपल्या खान्देशात या रेषा बहुतेक वेळा काळ्या मातीचा फुफाटा कोरड्या फडक्याने पुसल्यामुळे पडतात, म्हणून ती सवय आधी सोडावी, नाहीतर मशीनवर केलेला खर्च महिनाभरात वाया जाईल.

फक्त वॅक्सच लावायचे असेल, तर कापडी टोपी चढवलेले मोठ्या तबकडीचे स्वस्त वॅक्सिंग मशीन चालते. मात्र त्याने रेषा जात नाहीत आणि पुष्कळ जण नेमके तेच पॉलिशसाठी विकत घेऊन निराश होतात. गॅरेजमध्ये वापरतात ते रोटरी मशीन एकाच जागी गोल फिरते, त्यामुळे झपाट्याने कापते आणि पत्राही झपाट्याने तापवते. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ असतो. माझ्या पहिल्या गाडीच्या दाराची कड मी रोटरीने अशीच जाळली. पॅड कडेवर दोन-तीन सेकंद जास्त थांबले आणि रंगाखालचा पांढरा प्रायमर (रंगाआधी पत्र्यावर देतात तो पाया) उघडा पडला. तेव्हापासून नवख्याला मी एकच सांगतो, की फिरता फिरता हलणारे ड्युअल अ‍ॅक्शन मशीनच घ्यावे, कारण जास्त दाब पडला की त्याचे पॅड फिरायचे थांबते आणि चूक सहसा रंगापर्यंत पोहोचत नाही. ग्राइंडरला पॅड लावण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. त्याचा वेग मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या घरात असतो.

दुकानात पॅकिंगवरच्या वॉटच्या आकड्यापेक्षा वेग कमी-जास्त करण्याची चकती आधी पाहावी, कारण वॅक्स मंद गतीवर पसरावे लागते आणि पॉलिशला वेग हवा असतो. तबकडी १२५ मिलिमीटरची व वेल्क्रोची असावी, म्हणजे कोणत्याही कंपनीचे पॅड बसते. मशीन चालू करवून दोन मिनिटे दोन्ही हातांत धरावे; मनगटाला मुंग्या येत असतील, तर ते परत ठेवावे. कार्बन ब्रश (मोटारीतला झिजणारा छोटा भाग) जळगाव किंवा धुळ्यात सुटा मिळतो का, हेही तिथेच विचारून घ्यावे.

सगळे पैसे मशीनमध्ये घालू नयेत. निदान चार फोम पॅड (दोन मध्यम कडक, दोन मऊ), पाच-सहा मायक्रोफायबर कापडे, मास्किंग टेप, पॉलिश आणि वॅक्स यांसाठी रक्कम राखून ठेवावी, कारण एकाच मळलेल्या पॅडने सगळी गाडी घासल्यास चांगले मशीनही नवे चरे पाडते. विजेची सोय अर्थिंग असलेल्या थ्री-पिन सॉकेटवरून आणि जाड तारेच्या एक्स्टेन्शनने करावी.

बोअरच्या क्षारांचे पांढरे डाग राहू नयेत म्हणून धुतलेली गाडी लगेच पुसून घ्यावी आणि काम सकाळी लवकर सुरू करावे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हातला पत्रा हाताला चटका देतो. त्यावर पॉलिश पसरण्याआधीच सुकते. रबरी पट्ट्या, काळे प्लास्टिक आणि दारांच्या कडा टेपने झाकाव्यात. तबकडीच्या काठावर मार्करने एक रेघ ओढावी, म्हणजे दाब जास्त होऊन पॅड फिरायचे थांबले की ते लगेच कळते. पहिला प्रयोग बॉनेटवर करू नये. डिकीच्या खालच्या भागात दीड-दोन फुटांचा चौकोन आखून, पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब पॉलिश घेऊन तिथेच करावा आणि पुसल्यावर टॉर्च पुन्हा तिरकी धरून पाहावी.