सीमेपलीकडची एन्ड्युरन्स राइड : मान्यता आणि मायलेज आधीच कसे पक्के करावे

एन्ड्युरन्स रायडिंगमध्ये, म्हणजे घोड्यावरून लांब पल्ला कापण्याच्या स्पर्धेत, घोड्याने कापलेला प्रत्येक मैल त्याच्या खात्यावर जमा होतोच असे नाही. राइडला तुमच्या संघटनेची आधीपासून मान्यता असावी लागते, तुमचे नाव त्या मान्यतेखालीच नोंदलेले असावे लागते आणि शेवटच्या तपासणीत घोडा तंदुरुस्त ठरावा लागतो. दुसऱ्या देशात राइड करताना यांपैकी काहीही गृहीत धरू नये आणि सगळी विचारपूस प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच करावी.

पहिला प्रश्न मान्यतेचा. अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स, म्हणजे एईआरसी, ही 1972 साली स्थापन झालेली संघटना अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या राइड्सना मान्यता देते. कॅनडात प्रांतांच्या स्वतःच्या संघटनाही आहेत, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मुख्यालय असलेल्या एफईआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या, नियमांनी होतात. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच वाटेवर दोन किंवा तीन मान्यता असू शकतात. मात्र वाटेला मान्यता आहे म्हणून स्वार आपोआप सर्व निकालांत येत नाही. ज्या ज्या संघटनेकडे मायलेज हवे असेल, तिचा रकाना अर्जात भरला आहे ना आणि तिचा सदस्य क्रमांक लिहिला आहे ना, हे पाहावे. सदस्यत्व राइडच्या आधी घ्यावे. राइड संपल्यावर घेऊ म्हणणाऱ्यांची नंतर फार हळहळ होते.

दुसरा प्रश्न अंतराचा, आणि माझ्या मते सर्वाधिक घोळ इथेच होतो. एईआरसी मैलांत मोजते : 25 ते 35 मैलांच्या राइड ‘लिमिटेड डिस्टन्स’ गटात जातात आणि त्यांचे मायलेज वेगळे नोंदले जाते, 50 मैलांपासून पुढे खरी एन्ड्युरन्स सुरू होते. एफईआय किलोमीटरमध्ये मोजते आणि तिच्या स्पर्धांची ‘एक तारा’ ही पातळी 100 किलोमीटरपासून सुरू होते. आता 80 किलोमीटर म्हणजे 49.7 मैल आणि 160 किलोमीटर म्हणजे 99.4 मैल. बोलताना आपण त्यांना सर्रास पन्नास आणि शंभर म्हणतो, पण उरलेला अर्धा मैल वाटेत आखलेला आहे का आणि मान्यता नेमक्या किती मैलांची आहे, हे आयोजकाकडून लेखी घ्यावे.

तिसरी गोष्ट राइड पूर्ण झाली असे केव्हा मानायचे, याची. एईआरसीच्या 50 मैलांच्या राइडमध्ये अंतिम रेषा ओलांडताच वेळ थांबते, मात्र 30 मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला 68 ठोक्यांवर किंवा त्याखाली आलेली असावी लागते. लिमिटेड डिस्टन्समध्ये मर्यादा 60 आहे आणि नाडी तेवढी उतरेपर्यंत वेळ चालूच राहते. म्हणजे रेषेवर पहिला आलेला घोडा मागे पडू शकतो. एफईआयमध्ये मर्यादा 64 असते आणि मुदतही कमी मिळते. नियमांतला हा फरक घोड्याजवळ उभे राहिल्यावर खरा कळतो : खोगिराचा पट्टा सैल केलेला, खोगीर उतरवलेले, मानेवरून पाणी निथळते आहे, आणि व्हेट, म्हणजे पशुवैद्य, घोड्याच्या डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप टेकवून घड्याळाकडे पाहत आहेत. त्यानंतर घोडा दुडक्या चालीने नेऊन आणावा लागतो आणि पाय लचकला, तर सगळे मैल जातात. म्हणून दुहेरी मान्यतेच्या राइडमध्ये अधिक कडक मर्यादा गृहीत धरूनच शेवटचा टप्पा आखावा, आणि एका नियमाखाली घोडा बाद झाल्यास दुसऱ्याखाली काय होते, हेही आधीच विचारून ठेवावे. मायलेजसाठी थकलेल्या घोड्याला रेटू नये, हे मी मनापासून सांगतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातील सीमेवर घोड्याचे आरोग्य प्रमाणपत्र आणि कॉगिन्स रक्तचाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीची चाचणी) ‘निगेटिव्ह’ अहवाल लागतो. चाचणी 180 दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. एफईआयसाठी घोड्याची व स्वाराची नोंदणी राष्ट्रीय महासंघामार्फत झालेली असावी लागते. सर्व कागदांवर घोड्याचे नाव अक्षरशः एकच असावे, नाहीतर एकाच घोडीचे मैल दोन नावांत विभागले जाण्याचा धोका असतो.

राइड संपल्यावर व्हेट कार्डाचा, म्हणजे पशुवैद्याच्या तपासणीच्या नोंदी असलेल्या कार्डाचा, फोटो तिथेच काढावा. निकाल लागला की नाव, क्रमांक, अंतर आणि ‘पूर्ण’ हा शेरा ताडून पाहावा, आणि चूक आढळल्यास कार्डाच्या प्रतीसह आधी आयोजकाला कळवावे, कारण संघटनेकडे निकाल त्याच्याच हातून गेलेला असतो.