एम.एफ.एस्सी.चा प्रबंध आणि मासेमारी बंदीचे दोन महिने

एम.एफ.एस्सी.ला, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळाला की सगळे आधी क्रेडिट मोजत बसतात. एकूण ७०, त्यातले ३० प्रबंधाचे, बाकी कोर्स आणि सेमिनार. मेजर-मायनरचे (मुख्य आणि दुय्यम विषयांचे) पेपर नीट वाचले की सुटतात, त्यांची धास्ती नको. धास्ती घ्यायची ती कॅलेंडरची.

सागरी माशाच्या प्रजननावर विषय घेतलात की सलग बारा महिन्यांचे नमुने लागतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. माझा विषय बांगडा, आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या विणीचा भर नेमका पावसाळ्यात! ज्या दिवसांत मादीच्या पोटात पिकलेली गाबोळी (अंडी) मिळायची, त्याच दिवसांत रत्नागिरीतल्या हर्णै बंदराच्या पुळणीवर मासळीचा लिलावच नाही. जीएसआयचा (शरीराच्या वजनात अंडाशयाचा वाटा किती, त्याचा) आलेख मेपर्यंत चढतो आणि पुढे एकदम ऑगस्ट. मधला भाग कोरा. पुढच्या जूनमध्ये भरून काढू म्हणाल, तर तेव्हा प्रबंध बांधायला टाकायची वेळ आलेली असते.

"बाजारातून आण की," हा सीनियर मंडळींचा ठरलेला सल्ला. अजिबात ऐकू नका. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे आपल्याकडे बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असताना तिकडची मासळी सुरू झालेली असते आणि बर्फात इकडे येते. तो बांगडा कुठल्या समुद्रातला, किती दिवसांचा, विकणारीलाही ठाऊक नसतं. मऊ पडलेल्या अंडाशयाचं हिस्टॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींची तपासणी) होत नाही ते वेगळंच. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमके जुलैच्या नमुन्यांवर बोट ठेवतात.

म्हणून विषय सोडायला नको. बंदीचे महिने सिनॉप्सिसमध्येच (संशोधनाच्या आराखड्यातच) स्पष्ट लिहा आणि सल्लागार समितीची त्यावर सही घ्या. नंतर कोणी अडवत नाही. अखंड वर्षच हवं असेल तर बोई हा खाडीतला मासा घ्या. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही, पागाने (हाताने फेकायच्या जाळ्याने) मासे मिळत राहतात. बोईवर काम करणं कमी दर्जाचं समजणारे भेटतील, त्यांना भेटू द्या.

एक बारीक गोष्ट: अंडाशय काढलं की आधी तोला, मगच १० टक्के फॉर्मालिनमध्ये टाका. आत गेल्यावर वजन बदलतं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत सोडा, पेनाची शाई उतरते.

गाईड निवडताना मोठ्या नावाला भुलू नका. छापलेले शोधनिबंध शेकडो असतील, पण तुमच्या प्रबंधाचं प्रकरण दोन-दोन महिने टेबलावर पडून राहणार असेल तर काय उपयोग? मला विचाराल तर आठवड्यात लाल शेरे मारून परत देणारा गाईड केव्हाही बरा. त्यांच्या आधीच्या बॅचचा विद्यार्थी गाठा आणि प्रबंध वेळेत गेला का, एवढंच त्याला विचारा. गाईडना विचारून खरं कळत नाही.